बुढीचा वाटा

आरशाच्या कडेला चिकटवून ठेवलेल्या टिकल्यांमधली एक मरून रंगाची होती, तिला अजून डिंक होता. नखानं उचकटली तर ती जमुनाबाईच्या बोटालाच चिकटली, आणि ते बोट पुढं धरून ती तशीच उभी राहिली — झटकावी की पदराला पुसावी. सून आंघोळ करून आली की कालची टिकली इथं लावायची आणि नवी कपाळाला... कपाळाला. त्या कपाळावर आता टिकलीला जागा कुठं उरली आहे, ते जमुनाबाईनं दवाखान्यात पाहिलं होतं. केस सुरू होतात तिथून डाव्या डोळ्यावरून गालापर्यंत टाके. डॉक्टरांनी कातडं ओढून ओढून पुरवलं होतं, जुन्या गोधडीला ठिगळ पुरवतात तसं. डोळा मात्र पुरवता आला नव्हता.

आरसा काढून ठेव, असं रोशन सकाळी सांगून गेला होता. बायकोला घरी आणायला गोंदियाला गेला तो. उंबऱ्याशी चपला घालताना, मान वर न करता, पुन्हा तेच म्हणाला.

"माय, आज सांगून दे. कोन्या वाटेनं येते ते फकत सांग. बाकीचं उदाराम पाहून घेईल."

"मले का मालूम?"

"तुले मालूम हाय. साऱ्या गावाले मालूम हाय का तुले मालूम हाय."

उदाराम म्हणजे रानडुकरांसाठी गोळे करणारा. वरून पीठ, आत बारूद. जनावरानं दात लावला की जबडा उडतो. उदारामचा गोळा वाया जात नाही, असं लोक कौतुकानं सांगतात. फक्त तो ठेवायचा कुठं, ते ठाऊक पाहिजे. दरेकशाच्या या डोंगरात अस्वलं काय थोडी आहेत? पण सुनेला फाडणारी, पाठीवर पिल्लू घेऊन हिंडणारी ही एक — ती दिवस कुठल्या कपारीत काढते, नाल्यात कुठल्या अंगानं उतरते — हे जमुनाबाईला तळहातासारखं ठाऊक होतं आणि ती मूग गिळून बसली होती. माय जनावराची बाजू घेते, असं रोशनला वाटत होतं. वाटू दे. त्याला तसं वाटणं तिला एका परीनं बरंच वाटत होतं, आणि का बरं वाटतं, याचा विचार ती करत नव्हती.

तिनं आरसा उतरवून धान्याच्या कोठीमागं उलटा ठेवला. भिंतीवर त्याचा चौकोन राहिला, आजूबाजूच्या भिंतीपेक्षा स्वच्छ. त्याचं काय करायचं ते रोशननं सांगितलं नव्हतं. तिनं तिथं कॅलेंडर टांगलं आणि ती चुलीकडं वळली. सुनेला चावता येत नाही. पेज करायची होती, तांदूळ अगदी मोडेपर्यंत शिजवून.

तांदूळ रटरटू लागले आणि त्या वासात तिला दुसराच वास आला, मोहाचा — गोड, उग्र, डोक्यात चढणारा. घरात तर आता एक फूल नव्हतं. रोशननं सगळं उकिरड्यावर ओतलं होतं आणि फुलं झेलायची जाळी जाळून टाकली होती. तरी वास यायचा. लग्न होऊन ती या घरी आली त्या पहिल्या उन्हाळ्यात सासूनं तिला घरच्या मोहाच्या झाडाखाली उभं केलं होतं... या मुळापासून नाल्याकडं जे पडेल ते आपलं नाही, बुढीचं. जंगलात अस्वलाला अस्वल म्हणायचं नाही, बुढी म्हणायचं. तांबडं फुटल्याशिवाय यायचं नाही, रात्र तिची. वाकायच्या आधी खाकरायचं. आणि तिकडच्या फुलाला हात लावायचा नाही, कितीही टपोरं असो. सासू दुसऱ्या कुठल्या बाबतीत फार शहाणी होती असं नाही, पण हे तिनं असं सांगितलं की जमुनाबाईनं पुढं कधी विचारलंसुद्धा नाही. सकाळी जावं तर नाल्याकडचं अंग उकरलेलं, चघळून टाकलेल्या फुलांचा चोथा, मातीत पायाचा ठसा. एवढीच भेट. कधी लांबून काळं काही हललेलं दिसायचं, मग दोघी आपापल्या कामाला लागायच्या. एक बुढी गेली असेल, तिच्या जागी तिची लेक आली असेल; वाटा तोच राहिला. माया नव्हती त्यात, भक्तीही नव्हती. शेजार होता. शेजाऱ्याशी बोलणं असायलाच हवं असं थोडंच आहे.

मग मागच्या साली जाळी आली. बचत गटाच्या बैठकीत एक ताई आली आणि हिरवी जाळी उलगडून दाखवली तिनं: झाडाखाली बांधायची, फूल मातीत पडत नाही, पालापाचोळा जाळावा लागत नाही, आणि बाईला ओणवं होऊन तासन्‌तास वेचत बसावं लागत नाही — ओणव्या बाईवरच जनावर येतं. सगळं खरं होतं. जाळीत खोट काढायला जागाच नव्हती, आणि जमुनाबाईचे गुडघे तर जाळीच्याच बाजूचे होते.

"आनि बुढीचा वाटा?" असं तिनं घरी आल्यावर विचारलं होतं.

सून दुर्गेश्वरी कामठ्याची. तिकडं सगळा धानाचा सपाट मुलूख. जनावर म्हणजे बैल नाही तर बकरी. ती हसली होती, पण सासूचा चेहरा पाहून गप्प झाली. नाल्याकडचं अंग मोकळं ठेवावं तर जाळी ताणून बसत नव्हती. तेव्हा जमुनाबाईनंच तोड काढली. रोज सकाळी जाळी उतरवली की एक टोपलं भरून फुलं नाल्याकाठच्या चपट्या दगडावर ओतायची. जाळीही राहिली, दंडकही राहिला. त्या दिवशी तिला आपल्या अकलेचं कौतुक वाटलं होतं... रात्री जेवताना ती मनातल्या मनात सासूला म्हणालीसुद्धा होती, पाहा, मोडलं नाही मी. करायला गेले गणपती आणि झालं माकड, असं म्हणतात. पण माकड निदान चावून निघून जातं.

पेज उतू आली. तिनं झाकण काढलं, हात भाजला, आणि भाजला ते बरं वाटलं.

दुर्गेश्वरीला त्या टोपल्याची पुढं गोडीच लागली होती. घरी आली की आधी बातमी, रोशन तेव्हा शेतावर गेलेला असायचा. "आज पन साफ करून गेली, आई. माही दुसरी सासू. घरच्यापेक्षा बरी हाय, वाढलं का मुकाट खाते, मीठ कमी पडलं म्हनत नाई." आणि जमुनाबाई खोटं खोटं रागवायची. सासूचे चार दिवस, सुनेचे चार दिवस म्हणतात, पण या घरात ते दोघींचे एकदमच चालले होते. पोरगी बोलकी होती. तिची लहान लेक खुशी तिच्यासारखीच बोलते... खुशी आता कामठ्याला आजोळी. आईचं तोंड जरा भरून येईपर्यंत. आणि भरून आलं नाही तर?

"जमुनाबाई, हाव का घरी?"

सुलोचनाबाई. पलीकडच्या घरची. हातात वाटीभर दही घेऊन आली होती, सुनेसाठी. वाईट बाई नव्हती, फक्त तोंडाला झाकण नव्हतं. चुलीजवळ बसली, पेजेत डोकावली, सुस्कारा टाकला.

"बिचारी पोरगी. पन काई म्हना जमुनाबाई, त्या जाळीनं घात केला. सारंच्या सारं झेलते ते. बुढीचा वाटा ठेवला नसंल तिनं. कामठ्याची पोर, तिले का समजते? तुमी होत्या तवा कधी झालं का असं?"

जमुनाबाई ढवळत राहिली. हे ती पहिल्यांदा ऐकत नव्हती. गावभर हेच चाललं होतं: सुनेला हाव सुटली, सुनेनं दंडक मोडला, आणि जमुनाबाईनं इतकी वर्षं कसं सांभाळलं. लोक तिच्याकडं मानानं पाहत होते. तो मान तिनं नको म्हणून परत केला नव्हता. ओठापर्यंत यायचं... की नाही हो, वाटा ठेवत होती ती, रोज ठेवत होती, माझ्या सांगण्यावरून... आणि ओठावरून ते पुन्हा खाली जायचं, गिळलेल्या औषधासारखं, कडू घशातच ठेवून.

"उद्या मी रीताले धाडून राहिली," सुलोचनाबाई उठता उठता म्हणाली. रीता म्हणजे तिची लग्नाची लेक. "आमच्या झाडाचा मोह संपतच आला, उरला तेवढा वेचून आनंल. तुमच्या झाडाकडून नाल्यानं गेलं का जवळ पडते."

"नोको धाडू."

"काऊन?"

जमुनाबाईनं पळी खाली ठेवली. "नोको. दुसऱ्या अंगानं धाड."

"अवो, ते जनावर का तठीच बसून राहिलं असंल का अजून?" सुलोचनाबाई म्हणाली, आणि वाटी रिकामी करून घेऊन गेली.

बसून राहिलं आहे. तेच तर. आज सकाळी रोशनची गाडी वळणाआड गेली तशी जमुनाबाई काठी घेऊन निघाली होती, कशाला ते न ठरवता. झाडाखाली आता जाळी नव्हती, मोह पूर्वीसारखाच मातीवर पडला होता, चारी अंगांना, भरपूर. बुढीनं त्यातला खाल्लाही होता. पण खाऊन ती गेली नव्हती. चांगलं उजाडलं होतं, ऊन नाल्यात उतरलं होतं, आणि ती त्या चपट्या दगडाजवळ बसली होती, पिल्लू पोटाशी, झाडाकडं पाठ आणि तोंड गावाच्या पायवाटेकडं. मधूनच नाक वर करून हुंगायची. जमुनाबाई मोठ्या सागाच्या आड होती, वारा तिच्याकडून बुढीकडं वाहत नव्हता म्हणून वाचली. इतक्या वर्षांत बुढीला तिनं दिवसाउजेडी असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. बुढी कधी कुणासाठी थांबत नसे. तिला आपल्या पोटाचं ठाऊक, झाडाचं ठाऊक... फूल झाडावरून पडतं, एवढं तिला ठाऊक होतं; आम्ही तिला शिकवलं की ते बाईच्या हातून पडतं. सकाळी, या दगडावर, या पायवाटेनं, बांगड्या वाजल्या की. आम्ही नाही, मी शिकवलं. रात्र तिची आणि दिवस आपला, ही मधली भिंत सासूनं बांधली होती. मी टोपलंभर फुलांनी ती फोडली आणि वर म्हणाले, पाहा, मोडलं नाही मी.

त्या दिवशी दुर्गेश्वरीला निघायला उशीर झाला होता. जमुनाबाई अंगणात फुलं वाळत घालत होती. बकारामनं, शेजारच्या झाडावाल्यानं, तिला पाठीवर टाकून आणलं तेव्हा जमुनाबाईला आधी फक्त लुगडं ओळखू आलं. लुगड्यावरून ती म्हणाली, ही आमची. तोंडावरून म्हणता आलं नसतं. आणि दवाखान्यात, तोंडाभोवती पट्ट्या, एकच डोळा बाहेर, रोशन औषध आणायला खाली गेलेला — सुनेनं तिचा हात धरून, दातांतून सांगितलं होतं, "ती वाट पाहून राहिली होती, आई." बस, एवढंच. बाकी कुणाला ती हे बोलली नाही. जमुनाबाईला ते त्याच क्षणी कळलं, सगळं, तळापर्यंत; आणि तिनं सुनेच्या हातावर थोपटून म्हटलं होतं, बोलू नको, टाके ताणतात.

दुसऱ्या दिवशी वनखात्याचा गार्ड आला. तरुण होता, सभ्य होता. अस्वल दिवसा असं अंगावर आलं म्हणजे काहीतरी कारण असणार, म्हणाला. तुम्ही तिथं काही खायला टाकत होता का? अंगणात माणसं जमलेली, रोशन उभा, बकाराम उभा. "नाई," जमुनाबाई म्हणाली. इतकं सोपं निघालं ते. मग गार्डनं पुढचं विचारलं, येण्याजाण्याची वाट माहीत आहे का, म्हणजे पिंजरा लावता येईल, लांब नेऊन सोडता येईल. त्यालाही ती नाहीच म्हणाली. पहिल्या नाहीला दुसऱ्या नाहीची सोबत लागते.

दुपार कलली तेव्हा गाडी आली. रोशननं बायकोला हात धरून उतरवलं. तिनं पदर पार पुढं ओढला होता. गल्लीत बायका दाराशी उभ्या होत्या, कुणी पुढं झालं नाही. आत आल्यावर दुर्गेश्वरीनं आधी त्या भिंतीकडं पाहिलं. कॅलेंडरकडं पाहत राहिली जरा वेळ, आणि पाटावर बसली. पेज जमुनाबाईनं चमच्यानं भरवली. अर्धी ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून बाहेर यायची, ती पुसायची, पुन्हा भरवायची. खुशी लहान असताना असंच भरवलं होतं तिनं. पण खुशी रडायची, हात झाडायची. ही नुसती गिळत होती. आणि जमुनाबाईला त्या एका डोळ्याकडं पाहणं जमेना, म्हणून ती चमच्याकडं पाहत होती.

ऊन अंगणातून निघून गेलं. रोशन बैलांना पाणी दाखवायला मागच्या अंगाला गेला. दुर्गेश्वरी खाटेवर पडली होती, भिंतीकडं तोंड करून. झोपली असं वाटलं.

"आई."

"का वं?"

"ती येते का अजून?"

नाही म्हणायला जीभ तयार होती, सवयीनं. पण खोलीत दोघीच होत्या, आणि ही एक अशी होती की जिच्यापुढं त्या नाहीचा उपयोग नव्हता.

"येते."

"दगडावर?"

"बसून राहते. आज पन होती."

दुर्गेश्वरी वळली. हळूहळू, मानेसकट. "रीता जाते त्या वाटेनं," ती म्हणाली.

"तिच्या मायले सांगितलं मी, नोको धाडू म्हनून."

"काऊन ते सांगितलं का?"

जमुनाबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"सांगा कोनाले तरी, आई. दुसरी कोनी जाईल." श्वास घ्यायला ती थांबली, शब्द एका बाजूनंच बाहेर पडत होते. "आनि टोपल्याचं पन सांगा. आपन ओतत होतो म्हना. त्याबिगर कसं समजंल कोनाले, का ती कायले बसते."

"सांगितलं त मारतीन तिले. उदारामचा गोळा तयार हाय."

"गार्डले सांगा मंग."

"त्याले मी नाई म्हटलं वं. काई टाकत नवतो म्हटलं."

मग दुर्गेश्वरी म्हणाली, आवाज न चढवता, जशी ती भाजीत मीठ किती घालू विचारायची तशी, "लोक म्हनून राहिले का मी वाटा ठेवला नाई. यायनं सांगितलं मले दवाखान्यात. तुमच्या पोराले पन तसंच वाटते. तुमी काई म्हटलं नाई का, आई?"

चूल विझली होती. जमुनाबाई राखेकडं पाहत राहिली. इतके दिवस — रोशन विचारायचा आणि ती गप्प बसायची, आणि गप्प बसण्यात तिला एक ताठपणा वाटायचा: मी एक मुका जीव सांभाळते आहे, पिल्लाची आई आहे ती, तिचा काय दोष... ते खोटं होतं असंही नाही. बुढीचा दोष नव्हताच. पण बुढीला वाचवायचं असतं तर गार्ड दारात उभा होता, पिंजरा लावतो म्हणत होता. एक शब्द पुरला असता. मी कुणाला सांभाळत होते? बुढी तिथं रोज सकाळी बसते आहे, उद्या रीता जाईल, परवा आणखी कुणी. मग गाव गोळा घेऊन जाईल, आणि बुढीही जाईल, पिल्लूही. आणि गाव म्हणत राहील की जमुनाबाई होती तोवर असं कधी झालं नाही. तेवढंच शाबूत राहावं म्हणून मी हे सगळं पणाला लावलं, या पोरीचं नावसुद्धा. आणि ही अजून 'आपण' म्हणते आहे. आपण ओतत होतो.

तिला रडू यायला हवं होतं, आलं नाही. आली ती भीती. नाल्यात सागाच्या आड उभी असताना वाटली नव्हती एवढी.

मागच्या अंगाला बादली ठेवल्याचा आवाज झाला. रोशन हातपाय धुऊन आत आला, बायकोकडं पाहिलं, तिच्या अंगावर चादर नीट केली, आणि मग आईसमोर जमिनीवर बसला. दमलेला होता. या दिवसांत पोरगा वाळला होता, आणि आपण ते पाहिलंही नव्हतं.

"माय," तो म्हणाला. त्यात आता राग नव्हता, नुसती विनवणी होती. "कोन्या वाटेनं येते?"

मले का मालूम — ते शब्द तिनं शोधले आणि ते जागेवर नव्हते. खाटेवरून तो एक डोळा तिच्याकडं पाहत होता, दोष न देता, आणि ते जास्त कठीण होतं. वाटेचं सांगावं तर रोशन याच पावली उदारामकडं जाईल. टोपल्याचं आधी सांगावं तर कदाचित थांबेल, कदाचित आईच्या तोंडाकडं पुन्हा कधी पाहणार नाही. कदाचित दोन्ही. तिनं पदर सावरला. मग झाडाखाली वाकायच्या आधी खाकरतात तशी ती खाकरली.